कुळागराच्या वरच्या उतारावर आल्पाइन ट्रॅक्टर चालेल का? (सत्तरी, गोवा)

झरीकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण जागा समजल्याशिवाय उत्तर देता येणार नाही म्हणून सगळे लिहितो.

वाळपईच्या पुढे आमचे वडिलार्जित कुळागर आहे. खाली पोफळी, मधून माड, केळी, पोफळींवर मिरवेल. त्याच्या वर काजूचा उतार आणि काजूच्याही वर आजोबांच्या नंतर कधीतरी लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशिया. ही अकेशिया आता म्हातारी झाली आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत तीसेक झाडे आडवी झाली, बाकीची कलली आहेत. ती काढून तिथे हळूहळू माट, किंदळ, जांभूळ ही इथली रानझाडे लावायची आहेत. लाकूड खाली आणायचा रस्ता म्हणजे दीड मीटर रुंदीची पायवाट, एका बाजूला दगडी मेर म्हणजे बांध, दुसऱ्या बाजूला पाट.

सगळे सांगतात, जेसीबी आणून एका दिवसात रस्ता काप आणि मोकळा हो. आमच्या शेजारच्या भाटात, म्हणजे बागेत, सहा वर्षांपूर्वी हेच केले. उतार आडवा कापला, लाकूड निघाले, पुढच्या आषाढात कापलेली दरड पाटात उतरली. त्याहून वाईट म्हणजे त्यांची झर. पूर्वी एप्रिलपर्यंत वाहायची, आता फेब्रुवारीतच थेंबावर येते. आमचे कुळागर आमच्या झरीवर उभे आहे. ती गेली तर पोफळी जातील, आणि पोफळ पुन्हा उभी करायला एक पिढी लागते. म्हणून मला उतार कापायचा नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका, बाकी सगळ्यावर घाला.

इटलीत डोंगरावरच्या द्राक्षमळ्यांत चालणारे बुटके ट्रॅक्टर पाहिले. चारही चाके सारखी, मधल्या सांध्यावर मोडून वळणारे, सीट फिरवून उलटे चालवता येणारे. आल्पाइन ट्रॅक्टर म्हणतात त्यांना. असे यंत्र आपल्याकडे कोणी वापरले आहे का? नसेल तर त्याच्या जवळचे काय मिळते?

---

बार्देशकर_साइट | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०२

आल्पाइन नाही वापरला, पण २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह लहान ट्रॅक्टर पुढे लोडर, म्हणजे उचलायची बादली, लावून चार वर्षे साइटवर वापरतो आहे. पणजीत मळा भागातली जुनी घरे, म्हापशाच्या आतल्या गल्ल्या, जिथे टिपर वळत नाही तिथे तोच. जांभ्याचा एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. माणसे डोक्यावरून नेतात तेव्हा दुपारपर्यंत कंबर जाते. ट्रॅक्टर एका खेपेत दहा-बारा नेतो आणि घराच्या आतल्या राजांगणापर्यंत, म्हणजे चौकापर्यंत, जातो.

शिकलेली गोष्ट एकच सांगतो. पुढे लोडर असेल तर मागे वजन हवेच. आम्ही मागे अवजार अडकवायच्या तीन कड्यांवर काँक्रीट भरलेला ड्रम लटकवतो. पहिल्या महिन्यात ड्रम नव्हता, ओल्या मातीची बादली वर उचलून वळताना मागची चाके जमिनीवरून सुटली. सपाट जमीन होती म्हणून वाचलो. तुमच्या उतारावर वाचलो नसतो.

---

आल्प्सहून_परत | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

झरीकाठ बाब, तुमचा धागा वाचून झोप गेली, कारण मी सात वर्षे हेच यंत्र चालवले आहे. उत्तर इटलीत, त्रेंतोच्या वरच्या चेंब्रा खोऱ्यात. तिथे द्राक्षाचे मळे म्हणजे आपल्या कुळागराच्या मेरी आठवाव्यात असे टप्पे, गारा न लावता रचलेल्या दगडी भिंतींचे. हिवाळ्यात द्राक्षाचे काम संपले की तोच ट्रॅक्टर रानात जायचा, लाकूड ओढायला आणि बर्फ सारायला.

यंत्राची रचना आधी समजून घ्या. साध्या ट्रॅक्टरची मागची चाके मोठी, पुढची लहान, आणि वजनाचा मोठा वाटा मागे. आल्पाइनमध्ये चारही चाके एका मापाची आणि लहान, त्यामुळे गुरुत्वमध्य जमिनीजवळ. इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे लोंबते, म्हणून रिकामे असताना सुमारे साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असते. मागे अवजार उचलले की दोन्ही आसांवर ते जवळपास समान होते. चढावर पुढचे तोंड उचलले जात नाही ते यामुळे. शिवाय पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून स्वतंत्र डावी-उजवीकडे डुलतो, म्हणजे एक चाक दगडावर चढले तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत.

फिरणारी सीट हा चैनीचा भाग वाटतो, पण तोच सगळ्यात उपयोगी. सीट, स्टिअरिंग, पेडल सगळे एकशे ऐंशी अंशांत फिरते. विंच (दोराने ओढणारे यंत्र) किंवा चिपर (फांद्यांचा भुसा करणारे यंत्र) मागे असतो तो आता तुमच्या डोळ्यांसमोर येतो. मान वळवून तासन्‌तास काम करावे लागत नाही. आणि अरुंद वाटेवर वळायला जागा नसेल तर वळायचेच नाही, सीट फिरवून आलात तसे परत जायचे. तुमच्या दीड मीटरच्या वाटेवर याचे मोल तुम्हाला लगेच कळेल.

ही यंत्रे करणाऱ्या कंपन्या बहुतेक इटलीच्या. पादोव्याजवळची अंतोनिओ कारारो १९१० पासूनची. बीसीएस १९४३ ची, पुढे फेरारी आणि पास्क्वाली तिच्याच छत्राखाली आले. गोल्दोनी आणखी एक. जर्मनीच्या होल्डरने तर १९५० च्या दशकातच मधोमध मोडणारा चार सारख्या चाकांचा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. म्हणजे ही नवलाई नाही, डोंगरातल्या माणसांनी सत्तर वर्षे वापरून घासलेली गोष्ट आहे.

आता काळजीचे. मधोमध मोडणारे यंत्र पूर्ण वळणावर असताना त्याचा तोल आतल्या बाजूला सरकतो. उतारावर आडवे उभे असताना कधीही पूर्ण वळण घेऊ नका. आमचा मुकादम रोज सकाळी हे एकच वाक्य म्हणायचा.

---

तिस्क_गॅरेज | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२५

मी गॅरेजवाला, म्हणून माझे बोलणे कोरडे वाटेल. यंत्र उत्तम आहे, शंका नाही. पण ते इथे मोडले की काय? इंजिन ही चिंता नाही. अनेक आल्पाइनमध्ये यानमार, कुबोटा, लोम्बार्दिनी अशी इंजिने असतात, त्यांचे काही ना काही जुळवता येते. मधला सांधा, त्याचे बेअरिंग, हायड्रॉलिकचे सील, पुढच्या आसाचे गिअर हे इथे कुठून आणणार? एक सील नाही म्हणून यंत्र पावसाळाभर ताडपत्रीखाली. युरोपात नवा घ्यायचा तर आपल्याकडचे पाच-सहा लहान ट्रॅक्टर येतील एवढी किंमत, वर जहाज आणि कर.

इथे मिळणाऱ्यांत पाहा. कुबोटा निओस्टार २१ एचपी, महिंद्रा जिवो २४ एचपी, दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह. राजकोटचे कॅप्टन आहेत, बंगळूरचे व्हीएसटी आहेत. स्वराजने २०२१ मध्ये कोड नावाचे ११ एचपीचे पेट्रोल यंत्र आणले, रुंदी ९० सेंटिमीटरच्या आत आणि दोन्ही दिशांनी चालवता येते. उलटे चालवायची कल्पना आपल्याकडे आली आहे हे यावरून दिसते. पण ते भाजी-द्राक्षातल्या तणासाठी आहे, फोर व्हील नाही, ओंडक्याला लावू नका.

अनुदान हवे असेल तर कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात आधी विचारा, यंत्र घेतल्यावर नव्हे. अनुदानाच्या यादीत यायला यंत्राची सरकारी चाचणी लागते, ट्रॅक्टरांची ती मध्य प्रदेशात बुदनीला होते. बाहेरून एकटे आणलेले आल्पाइन त्या यादीत नसणार.

---

नेत्रावळीची_पोफळ | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

आमचे कुळागर मी आणि माझी सासू बघतो. यंत्राचे मला कमी कळते, पोफळीचे कळते, म्हणून तेवढेच लिहिते.

नवीन लागवड २.७ मीटरवर करतात, तिथे मीटरभर रुंदीचे यंत्र ओळीतून जाईल. पण जुन्या कुळागरात कुठे ओळी असतात? जिथे पाणी पोचले तिथे आजोबांनी पोफळ लावली. आणि पोफळीची मुळे खोल जात नाहीत. बुंध्याभोवती मीटरभराच्या आत, वरच्या दोन-तीन फुटांत बहुतेक सगळी. तिथून ओल्या मातीवर तीन वेळा चाक गेले की माती दगडासारखी दाबली जाते, पाणी मुरत नाही, आणि झाड काही बोलत नाही. दोन वर्षांनी शेंडा बारीक होतो तेव्हा कळते. आमच्याकडे खताच्या ट्रॉलीने अकरा झाडे अशी गेली.

म्हणून ट्रॅक्टर कोणताही आणा, दादा, कुळागराच्या आत आणू नका. वाटेवरच ठेवा.

---

रानवाटा | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

वनखात्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालो. ताईंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे, आणि माझे म्हणणे त्याच्याच पुढचे आहे. तुमचा प्रश्न ट्रॅक्टर कोणता हा नाही. ट्रॅक्टर लाकडापर्यंत न्यायचा की लाकूड ट्रॅक्टरपर्यंत आणायचे, हा आहे.

हिशेब करून दाखवतो. एक फूट व्यासाचा, म्हणजे ३० सेंटिमीटरचा, चार मीटर लांब ओंडका घ्या. घनफळ ०.२८ घनमीटर. ओली अकेशिया घनमीटरला साधारण टनभर धरली तर ओंडका पावणेतीनशे ते तीनशे किलोंचा. जमिनीवर नुसता फरफटत ओढायला वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ लागते, म्हणजे सपाटीवर दीडशे-एकशे साठ किलो. वीस अंशांच्या चढावर तीच ओढ अडीचशेच्या पुढे जाते. वीस अंशांच्या उतारावर खाली आणताना ती पन्नासवर येते. म्हणजे ओंडका जवळजवळ स्वतःच घसरायला तयार असतो आणि ट्रॅक्टर पुढे असेल तर तो ट्रॅक्टरच्या पाठीवर येतो. माणसे दोन्हीकडे मरतात, पण खाली आणताना जास्त बेसावध असतात.

आता ट्रॅक्टर. साडेसातशे किलोचा फोर व्हील ट्रॅक्टर कोरड्या मातीवर आपल्या वजनाच्या निम्मे ओढतो असे धरा. वीस अंश चढताना स्वतःला वर न्यायलाच त्याचे अडीचशे किलो खर्च होतात. मागच्या ओंडक्यासाठी उरतात शंभरसुद्धा नाहीत. तोच ट्रॅक्टर एका जागी पक्का उभा करून विंचने ओढलेत तर टनभर ओढ आरामात मिळते, आणि चाक एक इंचही फिरत नाही. माती दाबली जात नाही, उतार कापावा लागत नाही, पोफळीच्या मुळांवर कोणी जात नाही.

स्लोव्हेनिया, ऑस्ट्रियात शेतकऱ्यांची खासगी राने आहेत. तिथे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन कड्यांना लागणारे विंच घरोघर असतात. त्याला खाली रुंद पाते असते, ते जमिनीत रुतते आणि यंत्र मागे खेचले जात नाही. आल्पाइन ट्रॅक्टरकडून घेण्यासारखे मला तरी हेच दिसते.

कायद्याचेही सांगतो, कारण लोक नंतर विचारतात. खासगी जमिनीतले झाड तोडायलाही गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, लाकूड बाहेर न्यायला वाहतूक परवाना वेगळा. आडवे पडलेले झाड आपलेच, असे समजून करवत लावू नका, आधी अर्ज द्या. आणि ज्यांनी तुम्हाला जेसीबीने उतार कापायला सांगितले त्यांना नगर नियोजन कायद्याचे १७-अ कलम दाखवा. पूर्वपरवानगीशिवाय डोंगरउतार कापता येत नाही.

---

बार्देशकर_साइट | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

रानवाटा काका, शंभर किलोसुद्धा नाही हे वाचून कागद घेऊन पुन्हा मांडले. बरोबर आहे. चार वर्षे ट्रॅक्टर चालवतो, हा हिशेब कोणी सांगितला नव्हता. लोक एचपी विचारतात, वजन आणि उतार कोणीच विचारत नाही.

---

आल्प्सहून_परत | १६ नोव्हेंबर, रात्री ८:०५

काकांशी शंभर टक्के सहमत, आमचे रानातले काम असेच चालायचे. ट्रॅक्टर वाटेवर, दोर रानात. मी यंत्राच्या प्रेमात होतो म्हणून यंत्राचे आधी लिहिले. पण एक भर घालतो, विंच असला तरी यंत्राचा तोल लागतोच. दोर सरळ मागून यायला हवा. तिरका आला की अरुंद ट्रॅक्टर बाजूला ओढला जातो आणि कलंडतो. अशा वेळी पुली लावून दोराची दिशा बदलायची.

पुली ज्या झाडाला बांधाल ते जिवंत, जाड, खोल मुळांचे हवे. दोर पुलीवरून पूर्ण उलटा फिरला तर त्या झाडावर दुप्पट ओढ येते, काटकोनात वळला तर जवळजवळ दीडपट. म्हणून पोफळीला कधीच नाही, माडालाही नाही. झाडाला वायर थेट गुंडाळू नका, साल कापून जाते. रुंद कापडी पट्टा वापरा आणि बुंध्याच्या तळाशी बांधा. आणि दोराने जो कोन केला असेल त्याच्या आतल्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही. पट्टा सुटला तर पुली तिथेच येते.

साखळी नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकाला. आसाच्या वर कुठेही बांधून ओढले आणि ओंडका अडकला तर ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो, आणि त्याला दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचे मनात येईपर्यंत संपलेले असते. उलटल्यावर जीव वाचवणारी कमान उभी असली पाहिजे आणि सीटचा पट्टा बांधलेला असला पाहिजे. फांद्या लागतात म्हणून इथे लोक कमान दुमडून ठेवतात, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो.

---

यंत्रवाटा_डिचोली | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी खाणीवर मोठी यंत्रे चालवली. जेसीबीला इथे सगळे शिव्या देत आहेत, पण ऑपरेटर शहाणा असेल तर उतार न कापताही खालच्या वाटेवरून बकेटने लाकूड उचलता येते. दोष यंत्राचा नाही, घाईचा आहे. भाड्याचे मीटर तासावर चालते, मालक म्हणतो लवकर उरक, मग बकेट मातीत जाते.

जांभ्या दगडाच्या मातीबद्दल एक सांगतो. पावसात ती साबण होते हे सगळ्यांना ठाऊक. पण मार्चमध्ये कोरड्या उतारावर जी बारीक लाल खडी सुटते, आणि वर काजूचा पाला, ती अधिक दगाबाज. चाकाखाली छर्रे ठेवल्यासारखे होते. ब्रेक लावला तरी यंत्र जात राहते. खाली येताना न्यूट्रल नाही, क्लच नाही, सगळ्यात खालचा गिअर आणि इंजिनवर भार. आणि फोर व्हील चालू असेल तरच पुढची चाकेही धरतात. टायरमध्ये तीनचतुर्थांश पाणी भरा, फुकटचे वजन मिळते आणि तेही जमिनीलगत. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही.

---

झरीकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

देव बरें करूं सगळ्यांचे. मी विचारले काय आणि मिळाले काय.

तीन दिवस डोंगरावर जाऊन मोजमाप केले. उताराचा कोन फोनवर मोजला. अकेशियाच्या पट्ट्यात अठरा ते चोवीस अंश. वाटेपासून सगळ्यात लांबचे झाड ८५ मीटरवर, बहुतेक ५० मीटरच्या आत. वाट कुठेच सहा-सात अंशांहून जास्त चढत नाही, म्हणजे तिच्यावर लहान ट्रॅक्टर ट्रॉलीसह निवांत चालेल. काकांचा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहिला. चाके वाटेवर, दोर डोंगरावर.

लाकूड वरून खाली येणार, म्हणजे ओंडका अंगावर यायची भीती. त्याला काय करावे?

आणखी एक. काजूची बोंडे फेब्रुवारी-मार्चपासून गळायला लागतात, तेव्हा त्या उतारावरून काही ओढता येणार नाही. पाऊस सुटून माती सुकेपर्यंत नोव्हेंबर संपतो. म्हणजे माझ्याकडे डिसेंबर आणि जानेवारी एवढेच.

---

रानवाटा | २० नोव्हेंबर, सकाळी ७:००

खाली आणताना ट्रॅक्टर ओंडक्याच्या सरळ खाली कधीच नको. वाटेवर पन्नास पावले बाजूला उभा करा आणि पुलीने दोर वळवा. ओंडका पुलीपर्यंत येतो, तिथे थांबतो, मग दोर सोडून दुसऱ्यांदा वाटेने ओढायचा. घसरायच्या ओळीत, त्या पुलीच्या खाली, माणूस आणि यंत्र दोन्ही नसावीत. मध्ये एक-दोन जिवंत खोड उभी ठेवा, सुटलेला ओंडका ती अडवतात. आणि बुंध्याकडचे टोक पुढे ठेवून ओढा, टोकाची धार करवतीने गोल करून. धारदार टोक माती नांगरत जाते, आणि पावसात त्या नांगरलेल्या रेघेचा ओहोळ होतो. काम संपल्यावर अशी प्रत्येक रेघ फांद्या-पाला टाकून दर चार-पाच मीटरवर आडवी बांधून घ्या. झरीची काळजी असेल तर हे विंचपेक्षा महत्त्वाचे.

अकेशिया सगळी एकाच वर्षी काढू नका. उतार उघडा पडेल. एक तृतीयांश काढा, रोपे रुजू द्या, मग पुढची.

---

तिस्क_गॅरेज | २० नोव्हेंबर, दुपारी २:१०

ट्रॅक्टरला लागणारा युरोपी विंच लगेच मिळणार नाही. कोणी वर्कशॉपमध्ये बनवून देतो म्हटले तर घेऊ नका. ब्रेक आणि क्लचचा भाग चुकला तर तो माणूस मारणारा विंच. लहान पेट्रोल इंजिनचा हातविंच पाहा, ज्यात दोर ढोलावर साठत नाही, दोन-चार वेढे देऊन हाताने ओढत राहायचे. पन्नास सीसीच्या इंजिनवर टनभर ओढतात. दोर न ताणणारा कृत्रिम धाग्याचा, वायर नाही. वजन पंधरा-वीस किलो, खांद्यावरून डोंगरावर नेता येतो. तुमच्या तीनशे किलोंच्या ओंडक्याला हे पुरे. आणि ट्रॅक्टर विकत घेऊ नका, हंगामापुरता भाड्याने घ्या. दोन महिन्यांच्या कामासाठी यंत्र पोसणे म्हणजे गोठ्यात हत्ती.

---

आल्प्सहून_परत | २० नोव्हेंबर, रात्री ९:४५

मन मोडले, पण तिस्कच्या भावांचे खरे आहे. तरी एक दिवस सत्तरीतले दहा-बारा बागायतदार मिळून एक आल्पाइन आणतील अशी आशा सोडत नाही. एकट्याचे काम दोन महिने, दहाजणांचे वर्षभर. चिपर लावला तर फांद्यांचा भुसा पोफळींच्या बुडाशी जाईल, गवत कापणी, खताची ने-आण, सगळे एकाच यंत्रावर. तेव्हा मी चालवायला शिकवीन, फुकट.

---

झरीकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ८:३०

अडीच महिन्यांनी धागा वर काढतो आहे, रागावू नका.

परवानगी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाती आली. आडवी झालेली आणि कललेली मिळून ४१ झाडे. काकांनी सांगितल्याप्रमाणे बाकीची उभी ठेवली. ट्रॅक्टर उसगावकडून २१ एचपीचा फोर व्हील भाड्याने आणला, टायरमध्ये पाणी भरून, कमान उभी, पट्टा बांधून. चालकाने पहिल्या दिवशी पट्ट्याला कुरकुर केली. मी आल्प्सहून_परत यांची दीड सेकंदाची गोष्ट वाचून दाखवली, त्यानंतर त्याने कधीच काढला नाही. हातविंच विकत घेतला. मी, भाऊ आणि दोन कामगार.

पहिले तीन दिवस फक्त शिकण्यात गेले. ओंडके दगडाला अडायचे, दोर घसरायचा, पुलीची जागा चुकायची. चौथ्या दिवशी हात बसला. त्यानंतर दिवसाला बारा ते पंधरा ओंडके वाटेवर. एकदा पुलीचा पट्टा झाडाला नीट बांधला नव्हता आणि पुली सुटली. दोराच्या कोनाच्या आत कोणीही नव्हते, कारण आम्ही तो भाग आधीच लाल फडक्यांनी बांधून घेतला होता. पुली एका माटाच्या खोडावर आदळली, तिथली साल गेली. त्या खोडाच्या जागी माझा भाऊ असता. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ट्रॅक्टर एकदाही वाटेवरून खाली उतरला नाही. वळायला जागा नव्हती म्हणून रिकामी ट्रॉली मागे ढकलत वर न्यावी लागायची, तीनशे मीटर, मान वाकडी करून. फिरणारी सीट काय चीज असते ते तेव्हा कळले. चालकाची मान दुसऱ्या आठवड्यात धरली.

ताई, कुळागरात एकही चाक गेले नाही. एक ओंडका मात्र मेरीवरून घसरला आणि तीन दगड पाटात पडले. त्याच संध्याकाळी रचून घेतले.

झरीचे पाणी मी दर पंधरा दिवसांनी मोजतो. पंधरा लिटरची बादली भरायला लागणारे सेकंद. गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी ३८ होते, परवा ३९ भरले. खरी परीक्षा पावसाळ्यानंतरची, तेव्हा पुन्हा लिहीन. ओढल्याच्या रेघा सगळ्या फांद्यांनी बांधून झाल्या आहेत.

अजून वरच्या कोपऱ्यात नऊ ओंडके आहेत, ८५ मीटरवरचे. माझा दोर पन्नास मीटरचा, आणि काजूला मोहर आला आहे, म्हणजे हातात दोन आठवडे. कोणाकडे जाडसर न ताणणारा दोर आहे का, आठवडाभरासाठी?

---

नेत्रावळीची_पोफळ | २ फेब्रुवारी, रात्री ९:०५

आमच्याकडे साठ मीटरचा आहे, विहिरीच्या पंपासाठी घेतलेला, पाकिटावर दोन टन लिहिले आहे. तो वापरलेला आहे, म्हणून एकदा सगळा हातातून सरकवून कुठे कापला आहे का ते बघून मगच लावा. शनिवारी भाचा वाळपईला येतो आहे, त्याच्या हाती पाठवते.